कंटेनरमधल्या प्रोग्रामला आपली सीपीयू मर्यादा कळते कशी?

फोनच्या खोक्यावर 'ऑक्टा-कोर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे प्रोसेसरमध्ये आठ कोर. पण म्हणून एखाद्या ॲपला आठही कोर कायम मिळतात असं नाही. फोनमध्ये नाही आणि सर्व्हरवर तर अजिबातच नाही. तुम्ही भिवपुरी रोड स्टेशनवर लोकलची वाट बघत एखादं ॲप उघडता, तेव्हा खरं काम दूरच्या सर्व्हरवर चालतं. तो सर्व्हर मुंबईत असू शकतो (ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झालं), किंवा आपल्याच रायगड जिल्ह्यात पनवेलला (तिथे २०२० पासून योट्टाचं मोठं डेटा सेंटर आहे). अशा मशीनमध्ये ६४ किंवा त्याहून जास्त कोर असतात आणि त्यावर एकाच वेळी कितीतरी कंटेनर चालतात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच सीपीयू येतो. गंमत अशी की बरेच प्रोग्राम आपला वाटा न बघता अख्खं मशीन मोजतात आणि मग अडकतात.

हे समजायला भिवपुरीसारखं दुसरं उदाहरण नाही.

भिवपुरीचं पाणी आणि सीपीयूचा कोटा

कर्जतजवळ डोंगराच्या पायथ्याला टाटांचं भिवपुरी जलविद्युत केंद्र आहे, १९२२ पासूनचं. वर घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडी धरण आहे, तिथलं पाणी खाली येतं आणि टर्बाइन फिरतात. केंद्राची क्षमता ७५ मेगावॉट. आता कुणी विचारलं, "भिवपुरी किती वीज करू शकतं?" तर ७५ मेगावॉट हे उत्तर अर्धंच आहे. कारण हे पाणी मुळात कृष्णा खोऱ्यातलं, भीमेच्या बाजूचं. ते पश्चिमेला वळवण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७६ मध्ये मर्यादा घातली. टाटांच्या सगळ्या जलविद्युत प्रकल्पांना मिळून एका जलवर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा जास्त नाही आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीपेक्षा जास्त नाही.

म्हणजे दोन वेगळे प्रश्न झाले. एका क्षणाला किती टर्बाइन फिरू शकतात? आणि ठरलेल्या मुदतीत पाणी किती वापरता येईल? टर्बाइन मोजून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. सीपीयूचं अगदी असंच आहे. कोर म्हणजे टर्बाइन, कोटा म्हणजे पाणी. फरक एवढाच की लवादाची मुदत वर्षांची आहे आणि लिनक्सची साधारण १०० मिलिसेकंदांची.

कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे

कंटेनर हा आतून स्वतंत्र कॉम्प्युटरसारखा वाटतो, पण तो त्याच लिनक्स कर्नलवर चालणारा प्रोग्रामांचा एक गट असतो. या गटाला किती सीपीयू, किती मेमरी हे ठरवणाऱ्या कर्नलमधल्या सोयीचं नाव सीग्रुप. गुगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती दाखल झाली. सीपीयूचा पक्का कोटा त्यानंतर, लिनक्स ३.२ मध्ये, जानेवारी २०१२ ला आला.

सीग्रुपमधून सीपीयूवर तीन प्रकारे बंधन घालता येतं. इथेच गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश बघू.

पहिलं, सीपीयूसेट. "तू फक्त ० ते ३ या कोरवरच चालायचं." हे सरळ आहे. कोर मोजले की उत्तर बरोबर येतं.

दुसरं, शेअर्स किंवा वेट. ही मर्यादा नाहीच, हे वजन आहे. कर्जत लोकल रिकामी असेल तर तुम्ही अख्ख्या बाकावर पाय पसरून बसा, कुणी काही म्हणत नाही. गर्दी झाली की मात्र आपापल्या जागेपुरतं सरकायचं. शेअर्सचा नियम गर्दी झाल्यावरच लागू होतो.

तिसरं, कोटा. दर १०० मिलिसेकंदांच्या मुदतीत तुमच्या गटाला मिळून अमुक इतका सीपीयू वेळ. डॉकरमध्ये कंटेनर सुरू करताना दोन सीपीयूंची मर्यादा दिली, तर प्रत्यक्षात दर १०० मिलिसेकंदांना २०० मिलिसेकंद सीपीयू वेळ असा कोटा बसतो. कुबरनेटीसमध्ये ५००एम लिहिलं तर ५० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सीपीयू. अर्धा कोर असं जगात काही नसतं, पण अर्धा वेळ असतो.

चुकीचं मोजलं तर काय होतं

६४ कोरचं मशीन आहे आणि तुमच्या कंटेनरला दोन सीपीयूंचा कोटा आहे. प्रोग्राम सुरू होताना कोर मोजतो, ६४ दिसतात, आणि तो ६४ थ्रेड उभे करतो. कर्नल त्यांना अडवत नाही, कारण कोट्याने कोरची संख्या बांधलेलीच नसते! सगळे ६४ थ्रेड एकदम पळतात. २०० भागिले ६४, म्हणजे साधारण ३ मिलिसेकंदांत कोटा खलास. उरलेले ९७ मिलिसेकंद अख्खा गट गोठलेला. याला थ्रॉटलिंग म्हणतात. पुढची मुदत सुरू झाली की पुन्हा ३ मिलिसेकंद पळापळ, पुन्हा शांतता.

टर्बाइन सगळे एकदम सोडले आणि वर्षाचं पाणी जूनमध्येच संपवलं, तर जे होईल तेच.

वापरणाऱ्याला हे कसं दिसतं? तिकीट बुक करताना चक्र फिरत राहतं. सर्व्हरचा सरासरी सीपीयू वापर बघितला तर सगळं आलबेल. सरासरीत हे गोठणं लपून जातं. दोनच थ्रेड असते तर तेच काम न अडता, सलग झालं असतं. म्हणून मला ही चूक साध्या 'स्लो सर्व्हर'पेक्षा वाईट वाटते: पैसे वाढवून मोठं मशीन घेतलं की कोर आणखी जास्त दिसतात, थ्रेड आणखी वाढतात आणि कोटा आणखी लवकर संपतो.

लवादाने एका वर्षासाठी ५४.५ आणि पाच वर्षांसाठी २१२ अशा दोन मर्यादा घातल्या आहेत. २१२ ची वार्षिक सरासरी ४२.४ येते, म्हणजे एखाद्या वर्षी थोडं जास्त उचलायला वाव आहे. लिनक्समध्येही तशी सोय आली, पण २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत. तिला बर्स्ट म्हणतात. आधीच्या मुदतीत न वापरलेला कोटा ठरावीक हद्दीपर्यंत पुढे वापरता येतो.

मग प्रोग्राम बघतो कुठे?

जुनी सवय म्हणजे /प्रॉक/सीपीयूइन्फो ही फाइल वाचणं. तिथे अख्ख्या मशीनचे कोर दिसतात, कंटेनर असो वा नसो. दुसरी पद्धत थोडी शहाणी: कर्नलला विचारायचं की मला कोणत्या कोरवर चालायची परवानगी आहे. त्याला ॲफिनिटी म्हणतात. सीपीयूसेट लावलेलं असेल तर हे उत्तर बरोबर येतं, पण कोटा यात दिसत नाही.

कोटा हवा असेल तर सीग्रुपच्या फाइलीच वाचाव्या लागतात. (इथे नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं.) आधी /प्रॉक/सेल्फ/सीग्रुप ही फाइल उघडायची. नव्या पद्धतीत, म्हणजे सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत, तिथे शून्य आणि दोन कोलन यांनी सुरू होणारी एकच ओळ असते आणि पुढे आपल्या गटाचा पत्ता. मग /सिस/एफएस/सीग्रुप या फोल्डरात तो पत्ता शोधून सीपीयू.मॅक्स ही फाइल वाचायची. तिच्यात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १५०००० आणि १०००००. पहिला कोटा, दुसरा मुदत, दोन्ही मायक्रोसेकंदांत. भागाकार १.५, म्हणजे दीड सीपीयू. पहिल्या आकड्याच्या जागी 'मॅक्स' हा शब्द असेल तर या पातळीवर मर्यादा नाही.

'या पातळीवर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सीग्रुप एकात एक असतात. तुमच्या गटाला चार सीपीयू दिले आणि त्याच्या वरच्या गटाला दोनच, तर चालतात दोनच. म्हणून नीट लिहिलेला प्रोग्राम वरपर्यंत चढत जातो आणि सगळ्यांत लहान आकडा धरतो. कंटेनरच्या आतून मात्र बहुतेक वेळा वरच्या पातळ्या दिसतच नाहीत, आपलाच गट सर्वांत वरचा वाटतो.

जुन्या सीग्रुपमध्ये हेच दोन आकडे दोन वेगळ्या फाइलींत असतात आणि 'मर्यादा नाही' हे उणे एक लिहून सांगतात. सीपीयूची सोय नव्या पद्धतीत २०१८ च्या लिनक्स ४.१५ मध्ये आली, त्यामुळे जुने सर्व्हर अजून जुन्या पद्धतीवर सापडतात आणि प्रोग्रामला दोन्ही तपासावं लागतं.

शेवटी तीन आकडे हाती येतात: मशीनचे कोर, परवानगी असलेले कोर आणि कोट्याचा भागाकार. त्यातला सर्वांत लहान घ्यायचा. अपूर्णांक आला तर साधारणपणे वर पूर्ण करतात, दीडाचे दोन.

कोणती भाषा काय करते

जावाने या बाबतीत सगळ्यांत जास्त ठेचा खाल्ल्या. ६४ कोर दिसले की जुनं जावा फक्त मेमरी साफ करायला ४३ थ्रेड उभे करायचं. मार्च २०१८ च्या जावा १० मध्ये कोटा ओळखणं आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते जावा ८ च्या १९१ व्या अपडेटमध्येही दिलं गेलं. पण जावाने एक गडबड केली: शेअर्सलाही मर्यादा समजलं, १०२४ शेअर्स म्हणजे एक सीपीयू. बाक रिकामा असतानाही एका कोपऱ्यात अंग चोरून बसायचं, तसला प्रकार. जावा १९ मध्ये तो हिशोब काढून टाकला.

गो भाषा वर्षानुवर्षं फक्त ॲफिनिटी बघायची. त्यामुळे उबरने ऑटोमॅक्सप्रॉक्स ही लायब्ररी लिहिली आणि ती खूप चालली. ऑगस्ट २०२५ च्या गो १.२५ पासून भाषाच कोटा वाचते आणि अधूनमधून पुन्हा तपासते, म्हणजे चालू कंटेनरची मर्यादा बदलली तरी कळतं. कोटा दोनपेक्षा कमी असला तरी ती दोन धरते, मशीनलाच एक कोर असेल तर गोष्ट वेगळी.

पायथनचं सीपीयू काउंट हे फंक्शन मशीनचे कोर सांगतं. ३.१३ मध्ये प्रोसेस सीपीयू काउंट हे नवीन आलं, ते ॲफिनिटी बघतं, कोटा नाही. कॉलेज प्रोजेक्टमध्ये मल्टिप्रोसेसिंग वापरून कंटेनरमध्ये टाकणार असाल तर वर्करची संख्या स्वतः लिहा. एन्जिनएक्समध्ये वर्करची संख्या 'ऑटो' ठेवली तर तेही मशीनच बघतं. त्याच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये कोटा बघून संख्या ठरवणारी छोटी स्क्रिप्ट आहे, पण ती आपणहून चालू नसते.

कर्नल सरळ 'दोनच कोर आहेत' असं का सांगत नाही, हा प्रश्न पडतोच. एलएक्ससीएफएस नावाचं साधन तसं नाटक करतंही, /प्रॉकच्या जागी खोट्या फाइली दाखवून. पण कर्नलच्या दृष्टीने ते खोटंच आहे. प्रोग्राम खरोखर ६४ कोरवर पळू शकतो, फक्त जास्त वेळ नाही.

फोनवर बघायचं असेल तर

अँड्रॉइडही लिनक्सच आहे आणि तो सीपीयूसेट वापरतो. समोर दिसणाऱ्या ॲपला एक यादी, मागे गेलेल्या ॲपला दुसरी, सहसा लहान कोरची. टर्मक्समध्ये एनप्रॉक ही कमांड द्या, आकडा मिळेल. मग /प्रॉक/सेल्फ/स्टेटस ही फाइल उघडून 'सीपीयूज अलाउड लिस्ट' ही ओळ शोधा. आठ कोरच्या फोनवर तिथे ०-७ दिसलं तर सगळे कोर मोकळे आहेत. सीग्रुपच्या बाकी फाइली रूट नसलेल्या फोनवर बहुधा उघडणार नाहीत.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर सीपीयू.मॅक्सच्या शेजारचीच सीपीयू.स्टॅट ही फाइल बघा. कोटा लावलेला असेल तर तिथे एनआर पिरियड्स म्हणजे किती मुदती झाल्या, आणि एनआर थ्रॉटल्ड म्हणजे त्यातल्या कितींमध्ये गट गोठला, हे दिसतं. हजारातल्या पाच-दहा मुदती असतील तर सोडून द्या. तीनशे असतील तर आधी थ्रेड मोजा, कोटा नंतर वाढवा.