उपवासाच्या पदार्थांचा उगम व स्वीकार : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

आषाढी एकादशीला महाराष्ट्रातील असंख्य घरांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, उकडलेली रताळी, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याचे लाडू असा बेत असतो. हे पदार्थ पूर्वापार चालत आलेले आहेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीची कालक्रमाच्या व शब्दांच्या आधारे तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कालक्रमाचा पुरावा

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील व्रतखंडात व्रतांचे विस्तृत विवेचन आहे. मात्र वर उल्लेखिलेल्या ताटातील प्रमुख पदार्थांशी हेमाद्रीचा परिचय असणे शक्य नव्हते. बटाटा, भुईमूग आणि ज्यापासून आज साबुदाणा करतात तो कसावा या वनस्पती मूळच्या दक्षिण अमेरिकेतील आहेत. रताळे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे, तर मिरची आणि दाण्यांसाठी पिकवला जाणारा राजगिरा यांचे मूळ मेक्सिकोच्या परिसराकडे जाते. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेत पोहोचला आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला. त्यानंतरच्या सागरी व्यापारातून या वनस्पतींचा भारताकडील मार्ग खुला झाला. याच ताटातील वरी, शिंगाडा आणि सुरण मात्र येथे पूर्वीपासून परिचित होते.

साबुदाण्याचा इतिहास तर अधिकच अलीकडचा आहे. मूळ साबुदाणा आग्नेय आशियातील सागू नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून होत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिकडील आयात खंडित झाली. तेव्हा तमिळनाडूतील सेलम परिसरात कसाव्याच्या पिठापासून साबुदाणा बनविण्याचा उद्योग उभा राहिला.

शब्दांची साक्ष

नव्या वस्तूंना मराठीने तीन प्रकारे नावे दिली. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून जसाच्या तसा आला. पोर्तुगीजांनाही तो कॅरिबियन बेटांवरील लोकभाषेतून मिळाला होता आणि तेथे त्याचा अर्थ रताळे असा होता. ‘साबुदाणा’ या शब्दाच्या पूर्वपदात मलाय भाषेतील ‘सागू’ आहे. दुसऱ्या प्रकारात जुने नाव नव्या वस्तूला लाभले. ‘रक्तालु’ हे तांबड्या कंदाचे संस्कृत नाव ‘रताळे’ या रूपात अमेरिकी कंदाला मिळाले. ‘मिरची’ हे नावही ‘मरीच’, म्हणजे काळ्या मिऱ्याच्या जुन्या नावावरूनच घडले. तिसऱ्या प्रकारात वर्णनावरून शब्द तयार झाला. जमिनीखाली लागणारा मूग तो ‘भुईमूग’. अशा नामकरणामुळे वस्तूचे परकेपण दोन-तीन पिढ्यांत पुसले जाणे स्वाभाविक होते.

स्वीकाराचे तत्त्व

‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’ या शब्दापासून आला आहे. उपवासाला धान्य वर्ज्य असून फळे व कंदमुळे ग्राह्य आहेत, हा नियमाचा गाभा होय. बटाटा व रताळे हे कंद असल्याने या चौकटीत सहज बसले. साबुदाणाही मुळाच्या पिठाचाच असतो. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातील असूनही व्यवहारात त्याची गणना धान्यात झाली नाही. याउलट मका हेदेखील अमेरिकेतूनच आलेले पीक आहे. परंतु त्याची गणना धान्यात झाल्यामुळे महाराष्ट्रात सामान्यतः तो उपवासाला चालत नाही. तेव्हा वस्तू कोठून आली यापेक्षा ती कोणत्या वर्गात मोडते, हा प्रश्न निर्णायक ठरलेला दिसतो.

राजगिऱ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्यांचा प्रसाद वाटत. स्पॅनिश सत्तेने या विधींवर बंदी आणली. जे धान्य तेथे धर्मबाह्य ठरविले गेले, ते येथे व्रताच्या ताटात मान्य झाले.

समारोप

उपवासाची प्रथा प्राचीन आहे, परंतु तिच्या ताटातील बहुतेक पदार्थ गेल्या पाच शतकांतील आहेत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. नियम जुना राहिला आणि त्याच्या कक्षेत नव्या वस्तू येत गेल्या. ‘हे पूर्वापार आहे’ असे विधान समोर आल्यास नियम पूर्वापार आहे की वस्तू, हे अभ्यासकाने प्रथम वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. परंपरेच्या नावाने शुद्ध-अशुद्धतेचे दावे केले जातात, तेव्हा हा विवेक विशेष उपयोगी ठरतो.