एकाच खाटेवरचे दोन आजार

रायगडातल्या कर्जत-खालापूरच्या एखाद्या घरातला माणूस दारूही पितो आणि त्याच्या कानात कुणी नसताना आवाजही येतात. अशा वेळी घरच्यांना दोन दारं झिजवावी लागतात. एकीकडे सांगतात, "आधी दारू सोडवून आणा." दुसरीकडे, "हा डोक्याचा पेशंट आहे, आमच्याकडे नको." ही वाटणी आजाराने केलेली नाही. सरकारी कारभारातच व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय खात्याकडे गेलं आणि मनोरुग्णालयं आरोग्य खात्याकडे राहिली.

महाराष्ट्रात मात्र सुरुवात एकत्रच झाली होती. ऐंशीच्या दशकात गर्दने (ब्राऊन शुगरने) मुंबई-पुण्याची तरुण पोरं पोखरली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते त्याच रुग्णालयाच्या आवारात. जागा तिथे मिळाली हे खरं, पण मला त्या जागेचं मोल फार वाटतं. व्यसनी माणसाला 'टर्की' (नशा तुटल्याचा त्रास) लागली, तो थरथरू लागला, तर मनाचे आजार ओळखणारी डॉक्टर तिथेच होती.

ते का महत्त्वाचं? खूप पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर दोन-चार दिवसांत त्याला भास होऊ शकतात, अंगावर किडे चढताना दिसतात. घरचे भगताकडे धावतात, आणि वेळेत औषध न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. उलट दारूमुळे आलेली उदासी काही आठवडे न पिता गेले की बऱ्याचदा आपोआप ओसरते. जी ओसरत नाही, ती मुळातला आजार असू शकते. हा फरक कळायला माणूस नजरेसमोर राहावा लागतो. मनाचा त्रास दाबायला माणूस नशेकडे वळतो, ही मांडणी अमेरिकेत एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ साली केली, म्हणजे मुक्तांगणच्या आदल्याच वर्षी.

कर्जतचा धागा वेगळ्या टोकाने येतो. १९८८ साली मुंबईत डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उपचारांसाठी आणलं. बरा झाल्यावर कळलं, तो आंध्रातला पदवीधर आहे. त्यातून रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी 'श्रद्धा' ही संस्था उभी राहिली आणि २००६ मध्ये तिचं केंद्र कर्जतजवळ वेणगावला आलं. जटा वाढलेल्या माणसाला 'गर्दुल्ला' म्हणून ओलांडून जाणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी थांबलं, हे मला या कुळकथेतलं मोठं पाऊल वाटतं. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी २९ मे रोजी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोवस्थांना त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत जागा दिली. १९८७ च्या कायद्यातल्या व्याख्येत तसा उल्लेख नव्हता.

कर्जत-खालापूरच्या आदिवासी कातकरी वाड्यांपर्यंत असे एकत्र उपचार पोचायला अजून वेळ आहे. पावसाळा संपला की उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांतल्या पाठपुराव्याच्या तारखा बुडतात, गोळ्या सुटतात, दारू चालूच राहते. इथे गोळी आणि समुपदेशन दोन्ही भट्टीवरच न्यावं लागेल.