पिसवांना नावे कशासाठी?

ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा फार झाल्याची तक्रार सुरू झाली. पाठोपाठ लोकांना ताप येऊ लागला, काखेत-जांघेत गाठी उठल्या. १९६६ नंतर भारतात प्लेगच्या रुग्णाची नोंद नव्हती. तपासासाठी आलेल्यांनी रोग्यांचे रक्त तर घेतलेच; शिवाय उंदीर पकडून त्यांच्या अंगावरच्या पिसवाही गोळा केल्या. गावावर एवढे संकट आलेले असताना पिसवांच्या जाती कशाला ओळखायच्या?

उत्तरासाठी आपण थोडे मागे जाऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. उंदरापासून माणसापर्यंत तो पिसू पोचवते, असे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. पण फारसे कोणाला पटले नाही. १९०५ पासून प्लेग आयोगाने मुंबईत प्रयोग केले. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवले. जमिनीवरचे आजारी पडले. पिसवांची उडी पोचणार नाही इतके उंच टांगलेले वाचले.

तरीही एक कोडे उरले. उंदीर आणि पिसवा मद्रासेतही होत्या. मग तिथे प्लेग मुंबईसारखा का फोफावला नाही? उंदरांवरच्या या पिसवांना तेव्हा सरसकट ‘झेनोप्सिला किओपिस’ म्हणत. हे नाव रॉथचाइल्डने १९०३ मध्ये दिलेले. त्यानेच १९११ मध्ये ‘झेनोप्सिला अॅस्टिया’ ही जात वेगळी केली. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. फरक सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. मादीच्या पोटातल्या, वीर्य साठवणाऱ्या पिशवीचा आकार निराळा असतो. कोलंबोत काम करणाऱ्या हर्स्टने १९१४ च्या सुमारास दाखवले, की तिथल्या आणि मद्रासेच्या उंदरांवर मुख्यतः अॅस्टिया आहे. प्लेग पसरवण्यात ती कच्ची, किओपिस पक्की.

पक्की का? त्याच वर्षी बॅकॉट आणि मार्टिन यांना कारण सापडले. किओपिसच्या अन्नमार्गात प्लेगचे जंतू वाढून बोळा बसतो. रक्त पोटात उतरत नाही. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी जंतू जखमेत ओकते.

पिसवेइतकेच तिच्या यजमानाचे नावही महत्त्वाचे. शेतातल्या बिळांत राहणारे जर्बिल उंदीर प्लेगला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, म्हणून रोग त्यांच्यात दबा धरून राहू शकतो. घरातला काळा उंदीर मात्र पटापट मरतो. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले, की किओपिस ते सोडते आणि नवा यजमान शोधते. तो माणूसही असू शकतो.

म्हणूनच प्लेगच्या गावात आधी पिसवा मारायच्या, उंदीर मागाहून. क्रम उलटला तर आपणच पिसवांना माणसांकडे हाकलतो. वर्गीकरण म्हणजे नावांचे पाठांतर, असे वाटणाऱ्या विद्यार्थ्यांना मामल्याची आणि मद्रासेची गोष्ट जरूर सांगावी. सारख्या दिसणाऱ्या दोन किड्यांतला फरक कळला, तर कोणत्या गावाला धोका जास्त हे आधीच कळते.