ट्रॅक्टरच्या धुराड्यातील डीपीएफ : काजळीचा हिशोब कसा ठेवला जातो?

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरला ट्रेम-४ हे प्रदूषण मानक लागू झाले. ३७ ते ५६ किलोवॅट गटात काजळीकणांची मर्यादा पूर्वी प्रति किलोवॅट-तास ०.४ ग्रॅम होती, ती ०.०२५ ग्रॅमवर आली. ती पाळण्यासाठी काही मॉडेलमध्ये धुराड्यात डीपीएफ, म्हणजे डिझेलचे काजळीकण अडवणारी गाळणी बसवलेली असते. तुमच्या ट्रॅक्टरला ती आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.

ही गाळणी मधमाशीच्या पोळ्यासारखी, सिरॅमिकची असते. शेजारशेजारच्या नळ्या आलटून पालटून एका टोकाला बंद केलेल्या असतात. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून पार व्हावे लागते आणि काजळी भिंतीवर बसते. थर वाढला की धुराला वाट कमी मिळते, इंजिनवर दाब येतो. म्हणून साठलेली काजळी ठरावीक वेळाने जाळावी लागते. यालाच रिजनरेशन म्हणतात.

आता मुद्द्याचे. गाळणीत किती ग्रॅम काजळी आहे हे थेट मोजणारा काटा सहसा ट्रॅक्टरवर नसतो. डॅशबोर्डवरचा दिवा लागतो तो अंदाजावर. गाळणीच्या आधी आणि नंतरच्या दाबातला फरक सेन्सर मोजतो; पण इंजिन मंद चालत असेल तर धूरच कमी वाहतो आणि भरलेली गाळणीसुद्धा मोकळी वाटते. म्हणून इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, सोबत एक जमाखर्च ठेवतो. फेरे, भार व डिझेल यांवरून किती काजळी तयार झाली ती जमा, आणि धुराच्या तापमानावरून किती जळाली ती खर्च. अशा गाळणीचे गणित संशोधक १९८० च्या दशकापासून मांडत आले आहेत. ट्रॅक्टरमध्ये त्याचीच आटोपशीर आवृत्ती असते.

खर्चाची बाजू तापमानावर फार अवलंबून आहे. साधारण २५० ते ४०० अंशांत धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड काजळी हळूहळू जाळतो. हे काम चालू असताना आपोआप घडते. नुसत्या ऑक्सिजनने भराभर जाळायची तर ५५० ते ६०० अंश लागतात. त्यासाठी यंत्रणा जादा डिझेल सोडून धूर तापवते.

समजण्यासाठी काही आकडे धरू. गाळणीची मर्यादा ५० ग्रॅम. रोटाव्हेटर किंवा नांगरटीत तासाला ४ ग्रॅम काजळी तयार झाली आणि ३.५ ग्रॅम जळाली, तर गाळणी भरायला १०० तास लागतील. हलक्या कामात तासाला ३ ग्रॅमच तयार झाली, पण धूर थंड असल्याने १ ग्रॅमच जळाली, तर २५ तासांतच भरेल. म्हणजे ट्रॅक्टरला आराम दिला की गाळणी टिकेल, ही समजूत उलटी आहे. मोठ्या ट्रॅक्टरवर हळद पॉलिशचा ड्रम फिरवणे, हिंगोलीच्या हळद मार्केट यार्डाबाहेर रांगेत इंजिन चालू ठेवून थांबणे, वसमत भागात उसाच्या ट्रॉलीसह तासन्‌तास खोळंबणे, ही कामे इंजिनला हलकी आणि गाळणीला जड. थांबायचे असेल तर इंजिन सरळ बंद करावे.

अंदाज चुकतो तो बहुधा जमेच्या बाजूला. एअर क्लीनर धुळीने तुंबला किंवा इंजेक्टर गळू लागला, तर काजळी हिशोबापेक्षा जास्त तयार होते आणि गणिताला ते कळतेच असे नाही. जास्त भरलेली गाळणी पेटली की उष्णता आवरत नाही, सिरॅमिक तडकते. सोयाबीन मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहावा, तो यासाठीही.

रिजनरेशनचा दिवा लागल्यावर मध्येच इंजिन बंद करू नये. वारंवार अर्धवट सोडल्यास जादा डिझेलचा काही भाग इंजिन ऑइलमध्ये उतरतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ते पातळ झाले असण्याची शक्यता असते, बदलून घ्यावे. उभ्याने रिजनरेशन करायची वेळ आली तर ट्रॅक्टर मोकळ्या, साफ जमिनीवर न्यावा. या वेळी धुराडे एरवीपेक्षा खूप तापते. खळ्यावरचे सोयाबीनचे भुसकट, कापसाच्या गंजी, वाळलेले गवत यांजवळ हे काम अजिबात करू नये. मळणी यंत्र जोडलेले असताना दिवा लागला, तर माझ्या मते मळणी थांबवून ट्रॅक्टर बाजूला नेणेच बरे. अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल.

गाळणी काढून टाका, ट्रॅक्टर जोर धरील, असा सल्ला गावोगाव मिळतो. पण दाबाचा फरक नाहीसा झाला की हिशोब जुळत नाही, बिघाडाचा संकेत येतो आणि बहुतेक यंत्रणा इंजिनची ताकद कमी करतात. वॉरंटी जाते ती वेगळीच.

शेवटी राख. इंजिन ऑइलमधील कॅल्शियम, जस्त यांची राख कितीही तापवली तरी जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून कंपनीने सांगितलेले कमी राखेचेच ऑइल वापरावे. ठरलेल्या तासांनंतर गाळणी काढून राख साफ करून घ्यावी लागते. साफसफाई किंवा बदल झाल्यावर मेकॅनिककडून ईसीयूमधील राखेची नोंद शून्यावर आणून घ्यावी. नाहीतर संगणक स्वच्छ गाळणीला जुनीच समजून हिशोब करीत राहतो.