खुणेपासून आकड्यापर्यंत : एडवणच्या समुद्रातील जीपीएसचा इतिहास

एडवण हे पालघर तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. उत्तरेला केळवे-माहीम, दक्षिणेला कोरे आणि वैतरणेच्या मुखावरचे दातिवरे. जवळचे रेल्वे स्थानक सफाळे. या पट्ट्यासमोरचा समुद्र उथळ आहे. खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी भारताचा भूखंडमंच सर्वांत रुंद होतो आणि किनाऱ्यापासून फार दूरवर गेले तरी पाणी थोड्याच वावांचे राहते. सरंगा, घोळ, दाढा यांसारखी मासळी या विस्तीर्ण उथळ पट्ट्यात दूरवर मिळते, तर बोंबील, करंदी आणि मांदेली डोल जाळ्यात येतात. म्हणून इथल्या तांडेलापुढचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखापुढचा, प्रश्न नेहमी दुहेरी राहिला: किनारा दिसेनासा झाल्यावर नेमकी जागा कशी गाठायची आणि तिथून बंदरात परत कसे यायचे. बोटींवर जीपीएस संच आले ते याच प्रश्नाचे उत्तर म्हणून.

संच येण्यापूर्वी जागा ठरत असे ती खुणांवरून. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आल्या की एक रेषा मिळते. दुसऱ्या दिशेच्या आणखी दोन वस्तू जुळल्या की दुसरी. या दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. पालघर किनाऱ्यावर अशा खुणांना तोटा नव्हता. सफाळ्यामागचा तांदुळवाडीचा डोंगर, पालघरजवळचा काळदुर्ग, डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळका, किनाऱ्यावरची देवळे, दीपस्तंभ आणि ताडांची बने या कामी येत. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले आणि रात्री दिसणाऱ्या दिव्यांत आणखी एका ठिकाणाची भर पडली. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडल्यावर दूर समुद्रात तेलफलाट उभे राहिले. त्यांवरच्या ज्वाळा रात्री फार लांबून दिसत, मात्र फलाटांभोवतीचे ५०० मीटरचे सुरक्षा क्षेत्र बोटींना वर्ज्य होते.

खुणेच्या पद्धतीला पृथ्वीच्या गोलाईचीच मर्यादा होती. ५०० मीटर उंचीच्या डोंगराचा माथा स्वच्छ हवेतही सुमारे ८० ते ८५ किलोमीटरपलीकडे क्षितिजाखाली जातो, आणि हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी तो त्याच्या कितीतरी आधी दिसेनासा होतो. त्यापुढे होकायंत्र, घड्याळ आणि इंजिनाचा वेग यांचा हिशेब चाले. शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून खोली मोजत, गोळ्याला लागलेला चिखल की वाळू हे पाहत आणि पाण्याच्या रंगावरून अंदाज पक्का करत. होकायंत्राच्या बाबतीत हा किनारा सोयीचा होता, कारण मुंबईच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम फरक आहे. अडचण होती प्रवाहाची. खंबायतच्या आखातात शिरणारे आणि बाहेर पडणारे भरती-ओहोटीचे पाणी या किनाऱ्यासमोरून जोरात वाहते आणि उधाणाच्या दिवसांत हा जोर सर्वाधिक असतो. ताशी तीन सागरी मैलांचा प्रवाह दोन तास आडवा मिळाला तर नाळ योग्य दिशेला धरूनही बोट सहा सागरी मैल, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, बाजूला सरकते. होकायंत्राला ही सरक कळत नाही. अनुभवी तांडेल तिथी आणि भरतीची वेळ धरून तिचा अंदाज घेई. ही विद्या वर्षानुवर्षे बोटीवर राहूनच येत असे.

रेडिओ लहरींवरून जागा काढण्याच्या प्रणाली उपग्रहांच्या आधीही होत्या. मुंबईच्या परिसरात डेका प्रणालीची केंद्रे होती. पुढे लोरान-सी ही साखळी आली; तिची पश्चिम किनाऱ्यावरची केंद्रे ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा येथे होती. बिलिमोरा पालघरच्या उत्तरेला फार लांब नाही. पण या प्रणालींचे ग्राही संच मोठे, महाग आणि जहाजांसाठी बनवलेले होते. लाकडी मच्छीमार बोटीच्या आटोक्यात येईल असे साधन त्यांतून तयार झाले नाही.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले. त्यानंतर ही प्रणाली नागरी वापराला खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. १९८९ मध्ये मॅगेलन कंपनीचा हातात मावणारा नागरी संच बाजारात आला आणि त्याच वर्षी गार्मिन कंपनीची स्थापना झाली. १९९५ मध्ये प्रणाली पूर्ण क्षमतेने चालू झाली. मात्र नागरी संचांना मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवलेला असे आणि जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शके. मे २०००च्या आरंभी हा बिघाड बंद करण्यात आला आणि साधा संचही दहा-वीस मीटरांच्या आत जागा दाखवू लागला. डोल जाळ्याचा बोया शोधणाऱ्या तांडेलासाठी या फरकाला मोठे मोल होते: अंधारात १०० मीटरवरचा बोया नजरेतून सुटू शकतो, दहा मीटरवरचा सहसा सुटत नाही.

आजच्या पालघर जिल्ह्याच्या बंदरांत हे संच १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या वर्षांत पसरले. आधी मोठ्या आणि कित्येक दिवस समुद्रात राहणाऱ्या बोटींवर, मग लहान बोटींवर. गार्मिनचे हातातले संच, दोन पेन्सिल सेलवर किंवा इंजिनाच्या बॅटरीवर चालणारे, सर्वाधिक ओळखीचे झाले. मोठ्या बोटींवर मासे शोधणाऱ्या यंत्राशी जोडलेले, पडदा असलेले संच बसले. मच्छीमारांच्या सुरक्षेसाठीच्या सरकारी योजनांमधून जीपीएस, वायरलेस आणि जीवरक्षक जॅकेटे अनुदानावर देण्यात आली. त्यामुळे संच ही ऐपतीची खूण न राहता जाळे-दोराप्रमाणे बोटीच्या सामानाचा भाग बनला.

संचाने सर्वांत जास्त बदलली ती ‘कव’ सांभाळण्याची रीत. डोल जाळे प्रवाहाच्या तोंडावर उभे राहते. ते बांधण्यासाठी समुद्राच्या तळात खुंट ठोकून केलेली जागा म्हणजे कव. एकदा मारलेली कव हंगामभर, अनेकदा वर्षानुवर्षे, त्याच घराच्या वहिवाटीत असते. पूर्वी तिची जागा तांडेलाच्या डोक्यात आणि किनाऱ्याच्या खुणांत होती. संच आल्यावर ती अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे झाली. बोट कवीवर नेऊन बटण दाबले की ‘पॉइंट’ साठतो. पुढच्या फेरीला यंत्र दिशा आणि अंतर दाखवते. गार्मिन जीपीएस ७२ सारख्या संचात असे ५०० पॉइंट साठत. कवींबरोबर बुडालेल्या जहाजांचे सांगाडे, जाळे फाडणारे खडक, सरंगा मिळालेली ठिकाणे आणि बंदराच्या तोंडातल्या जलमार्गाची वळणेही त्यात जमा झाली.

आकड्याचा स्वभाव खुणेहून वेगळा. खूण शिकवावी लागते, आकडा उतरवून घेता येतो. तांडेल बदलला तरी पॉइंट बोटमालकाकडे राहू लागले. बोटीवरून निघालेला तांडेल त्यांची वही सोबत नेऊ शकत असल्याने पॉइंट गुप्त ठेवण्याची गरजही वाढली. भांडणाची भाषाही बदलली. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यासमोर वसई, उत्तन, अर्नाळा या भागांतील डोलधारकांनी कवी मारल्याने सातपाटी आणि परिसरातील दालदी (वाहत्या) जाळ्यांना जागा उरत नाही, हा वाद जुना आहे. पूर्वी ‘आमच्या गावासमोर’ एवढ्यावर चालणाऱ्या या तक्रारीत आता अमुक अक्षांशाच्या उत्तरेला, अमुक रेखांशाच्या पश्चिमेला असे बोलता येऊ लागले. वाद त्याने मिटला नाही. मात्र कोणती कव कुठे आहे हे पडताळणे शक्य झाले.

आकड्यांच्या लेखनाची पद्धत मात्र सांभाळावी लागते. एडवणच्या आसपास अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या किंचित वर आहे. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. बहुतेक सागरी संच अंश, मिनिट आणि मिनिटाचे दशांश दाखवतात. काही नकाशे आणि कागद अंश, मिनिट, सेकंद देतात. ३३.३० मिनिटे आणि ३३ मिनिटे ३० सेकंद दिसायला जवळचे, पण त्यांतला फरक ०.२० मिनिटाचा, म्हणजे सुमारे ३७० मीटरचा. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर आधारलेले आणि जीपीएस जागतिक गोलाभावर. त्यामुळे जुन्या नकाशावरून उतरवलेला पॉइंटही संचात भरताना सरकतो.

संचाची देखभाल मासेमारीच्या वर्षाशी बांधलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि संच घरी येतो. सेल आत राहिले तर गळतात आणि खारी हवा लागलेले संपर्क गंजतात, म्हणून सेल काढून, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून तो ठेवावा लागतो. दोन महिन्यांनी चालू केलेल्या संचाला जागा सापडायला नेहमीपेक्षा वेळ लागतो, कारण प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची नेमकी माहिती काही तासांतच शिळी होते आणि ती नव्याने घ्यावी लागते. सर्व उपग्रहांचे ढोबळ पंचांग पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. संच उघड्यावर थोडा वेळ चालू ठेवला की हे अद्ययावत होणे आपोआप, फुकट आणि इंटरनेटशिवाय घडते.

संचातली आज्ञावली आणि नकाशे मात्र आपोआप बदलत नाहीत. नवी आज्ञावली संगणकाला तार जोडून भरावी लागते. समुद्राचे तपशीलवार नकाशे वेगळे विकत घ्यावे लागतात. पॉइंटवर काम चालणाऱ्या बोटीला या दोन्हींची निकड फारशी भासली नाही. खरी कसोटी आठवड्यांच्या मोजणीने आणली. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १,०२३ नंतर पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले, पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ची आहे. आज्ञावली न बदललेले अनेक जुने संच अशा वेळी सुमारे वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागतात. बहुतेकांत जागा बरोबरच येते; सूर्योदय, भरती यांसारखी तारखेवर बेतलेली माहिती चुकते. त्याहून मोठे नुकसान संच बुडण्याने किंवा चोरीला जाण्याने होते, कारण यंत्र नवे घेता येते, वर्षांचे पॉइंट नव्याने मिळत नाहीत. म्हणून वहीत उतरवलेली किंवा दुसऱ्या संचात भरलेली प्रत हाच खरा विमा ठरतो.

रस्त्यावरच्या वाहनांसाठीही भारतात २००७च्या सुमारास स्वतंत्र दिशादर्शक संच विकले जाऊ लागले. स्मार्टफोनने त्यांची बाजारपेठ काही वर्षांतच संपवली. समुद्रात तसे झाले नाही. मोबाइलचे जाळे किनाऱ्यापासून काही अंतरावर संपते. फोनमधील जीपीएस त्यापुढेही चालते, पण ओल्या हातांनी न चालणारा पडदा, उन्हातली अंधुकता आणि दिवसभरात उतरणारी बॅटरी यांमुळे फोन सहसा दुसऱ्या क्रमांकावर राहतो.

२६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्याने या साधनाकडे पाहण्याची सरकारी दृष्टी बदलली. हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट बळकावली होती. तिच्यावर जीपीएस संच सापडला आणि त्यातील नोंदी खटल्यात पुढे आल्या. संच बोटीच्या मार्गाचा साक्षीदार होऊ शकतो हे त्यातून दिसले. पुढील वर्षांत बोटींची ऑनलाइन नोंदणी, खलाशांची ओळखपत्रे आणि बोटींचे रंग यांचे नियम आले. २० मीटरहून लांब बोटींना स्वतःची ओळख प्रसारित करणारी यंत्रणा बंधनकारक झाली.

सीमेच्या प्रश्नातही हेच आकडे आहेत. डहाणू, तलासरी भागांतील अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. भारत-पाकिस्तान सागरी सीमा पाण्यावर दिसत नाही; ती संचातल्या रेषेवरच ओळखता येते, आणि ती ओलांडल्याच्या आरोपावरून पकडलेले खलाशी कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या गोळीबारात केळव्याजवळच्या वडराईचा एक खलाशी ‘जलपरी’ बोटीवर मारला गेला.

आकडे किनाऱ्यावरून बोटीकडेही येऊ लागले. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी टिपलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळीची संभाव्य क्षेत्रे कळवते. प्रत्येक बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश त्यात असतात. इस्रोने स्वदेशी नाविक प्रणालीचे उपग्रह २०१३पासून सोडले, आणि २०१९ मध्ये जेमिनी हा छोटा ग्राही संच आला. तो मोबाइलचे जाळे नसतानाही वादळाचे आणि मासळीचे इशारे बोटीवर पोहोचवतो. संकटाच्या वेळी बटण दाबून तटरक्षक दलाला जागा कळवणारी यंत्रे त्याआधीच वापरात आली होती.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथेच, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, मच्छीमार बोटींसाठीच्या संपर्क यंत्रणेची देशव्यापी सुरुवात झाली. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्रावर आधारलेले ट्रान्सपाँडर बसवायचे ठरले. जुना जीपीएस संच फक्त उपग्रहांचे संदेश ऐकतो. त्यातले पॉइंट बोटीच्या बाहेर जात नाहीत. ट्रान्सपाँडर बोटीची जागा किनाऱ्यावरच्या यंत्रणेला कळवतो, त्यामुळे वादळात बोट शोधता येते आणि सीमेजवळ गेलेल्या बोटीला इशारा देता येतो. बोटीचा ठावठिकाणा इतरांच्याही नोंदीत जातो, हे त्याबरोबर येते. त्यामुळे ट्रान्सपाँडर बसला तरी पॉइंट साठवणाऱ्या जुन्या संचाचे काम संपत नाही. कवीचे आणि मासळीच्या ठिकाणांचे खाजगी आकडे त्यातच राहतात.