मोर्तबाची राखण

जुन्या मराठी राजपत्रांच्या शेवटी मोर्तब उमटवीत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा त्याचा अर्थ. चिमाजी आप्पांनी १७३९ साली तारापूरचा किल्ला घेतला, त्या काळी कागद जासुदाच्या हाती जाई. आज याच तारापूर-बोईसरच्या कारखान्यांतले कागद संगणकावरून संगणकावर जातात. त्यांचे मोर्तब कोण राखतो, हे आम्हांस पाहावयाचे आहे.

१९८३ च्या सुमारास अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये 'आरसीपी' नावाची आज्ञा होती. एक ओळ टंकावी, की फाइलीची नक्कल दूरच्या संगणकावर जाई. पण मजकूर उघडा जाई, आणि समोरच्यावर भरवसा ठेवलेला असे. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात परवलीचे शब्द चोरीस गेले, तेव्हा तेथील तातू यलोनेन यांनी 'एसएसएच' रचले. त्यातील 'एससीपी' ही आरसीपीचीच लेक. वाटेला कुलूप लागले, पण माहेरची रीत तीच राहिली.

१९९९ साली ओपनबीएसडीच्या मंडळींनी यलोनेन यांची एक जुनी, मोकळी आवृत्ती घेऊन 'ओपनएसएसएच' सिद्ध केले. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, कोणीही वाचावे असे उघडे आहे. तरीही २०१९ साली उघड झाले की, मागितली तीच फाइल आली की नाही, हे घेणारा नीट तपाशीत नव्हता. देणारा बेइमान निघाल्यास भलतीच फाइल गळ्यात पडे. ही खोड आरसीपीच्या काळापासूनची! ठिगळे पुरेनात, म्हणून २०२२ साली नाव एससीपीच ठेवून आतली यंत्रणा 'एसएफटीपी'ची बसविली.

याहून बोधप्रद गोष्ट पुढची आहे. याच ओपनएसएसएचमध्ये २००६ साली बुजविलेले एक छिद्र २०२० साली पुन्हा उघडे पडले. कारण काय? फेरफार करताना एक संरक्षक ओळ अनवधानाने गळाली. २०२४ च्या जुलैत ही गोष्ट जाहीर झाली. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात एका पाळीने केलेली दुरुस्ती पुढच्या पाळीस कळली नाही तर काय होते, हे बोईसरकरांस आम्ही सांगावयास नको.

रचणाऱ्याचे नाव इतिहासात राहते; राखणाऱ्याचे क्वचितच. परंतु मोर्तब एकदा उमटवून भागत नाही. प्रत्येक पिढीने ते पुन्हा तपासावे लागते, आणि मागच्यांनी एखादी ओळ का लिहिली, हे पुढच्यांस सांगून ठेवावे लागते.