टाकीची झळाळी आणि तांब्याची कल्हई

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वरंध घाटांतून परततांना भोर येथील एका मोटारसायकल-दुरुस्तीच्या दुकानांत आम्हांस तासभर थांबण्याचा प्रसंग आला. दुकानांतील फळीवर परदेशी बनावटीच्या एका जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी ठेवलेली होती. टाकी ॲल्युमिनियमची होती. तिचा वर्ण राखेसारखा झालेला. जागोजाग पांढुरके ठिपके उमटलेले. उजव्या बाजूस तळहाताएवढा पोचा. मात्र स्वाराचे गुडघे जेथें टेकतात त्या दोन्ही जागा कोणी न घासतां तुळतुळीत व उजळ राहिल्या होत्या. वेल्ह्याकडील एका तरुणानें ती टाकी आणली होती. गाडी त्याच्या दिवंगत वडिलांची. त्याची इच्छा अशी कीं, टाकी आरशासारखी लखलखावी. वृद्ध मिस्त्रींनीं ती हातांत फिरवून पाहिली व म्हटलें, "दादा, घासली तर चकाकेल. पण वडिलांचे गुडघे त्यांत पुसले जातील, एवढें ध्यानांत ठेवा."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. जुन्या वस्तूस पूर्वरूप देणें म्हणजे तिला नेमकें काय देणें, आणि तें देतांना तिच्यापासून काय हिरावून घेणें, हा प्रश्न एका टाकीपुरता नाहीं. त्याचें उत्तर पाहावयाचें तर प्रथम या धातूचा इतिहास पाहिला पाहिजे.

ॲल्युमिनियमचें नांव तुरटीच्या लॅटिन नांवावरून पडलें आहे. पृथ्वीच्या कवचांत याहून विपुल असा दुसरा धातु नाहीं. आपल्या कोंकणांतील व कोल्हापुराकडील जांभ्याच्या सड्यांवर त्याचें खनिज बॉक्साइट सांपडतें. परंतु प्राणवायूशीं त्याची मिठी इतकी घट्ट कीं, ती सोडविण्याची विद्या मनुष्यास फार उशिरां साधली. 1854 सालीं देव्हील या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तो विकण्याजोग्या प्रमाणांत काढला, आणि पुढील वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याच्या कांबी लोकांनीं नवलानें पाहिल्या. 1884 सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर याच धातूचा कळस बसविला, तेव्हां त्याची गणना मौल्यवान धातूंत होत होती. दोनच वर्षांनीं, 1886 मध्यें, अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोन तरुणांनीं परस्परांस न कळत विजेच्या साहाय्यानें तो स्वस्तांत काढण्याची एकच रीत शोधिली. दोघेही 1863 सालीं जन्मले व दोघेही 1914 सालीं वारले, हा योगायोगही नमूद करण्याजोगा आहे. त्यांच्या शोधानें राजांच्या ताटांतील धातु गरिबांच्या चुलीवर आला.

हिंदुस्थानांत तो आला तो मद्रासच्या वाटेनें. तेथील कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन या अभियंत्यानें 1898 च्या सुमारास ॲल्युमिनियमचीं भांडीं घडविण्यास आरंभ केला, आणि लवकरच त्या उद्योगासाठीं खासगी कंपनीही निघाली. देशी कारागिरांस नवें काम मिळावें हा चॅटर्टनचा हेतु होता. पण एका कारागिराच्या हातांत पडलेलें नवें काम पुष्कळदां दुसऱ्याच्या हातचें जुनें काम काढून घेतें. येथें ज्याचें काम गेलें तो कल्हईवाला होय.

भोर संस्थान 1948 सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्या काळांतील मध्यमवर्गीय घरांचें स्वयंपाकघर डोळ्यांपुढें आणावें. घागर, हंडा, बंब तांब्याचे. पातेलीं, परात पितळेचीं. तांबें-पितळ देखणें खरें. पण ताक, चिंच, आमसूल यांची गांठ पडली कीं तें जंगाल धरतें आणि अन्न कळकतें. म्हणून आंतून कल्हई हवीच. कल्हईवाला अंगणांत खड्डा खणी, कोळसे पेटवी, भाता लावी. तापलेल्या भांड्यांत नवसागराची पूड पडली कीं पांढरा धूर उठे. त्या पुडीनें तांब्यावरील गंज निघून जाई. मग कथलाची कांडी टेकली कीं ती तत्काळ वितळे, कारण कथील 232 अंशांवरच पातळ होतें; आणि कापसाच्या बोळ्यानें तो रस सर्वत्र फिरवितांच काळवंडलेलें पोट रुप्यासारखें होई. शेवटीं पाण्यांत बुडवितांना होणारा तो 'चर्र' असा आवाज ऐकण्यासाठीं मुलें भोंवतीं कोंडाळें करून बसत.

या गृहस्थाची विद्या ॲल्युमिनियमपुढें निरुपयोगी ठरली. खेड्यांतून ज्यास 'जर्मल' म्हणतात त्या भांड्यास कल्हईची गरज नाहीं. आणि करूं म्हटलें तरी ती बसत नाहीं. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. ॲल्युमिनियम हवेंत उघडा पडतांच क्षणार्धांत स्वतःवर एक पापुद्रा चढवितो. तो मिलिमीटरच्या अवघ्या कांहीं दशलक्षांशांएवढा जाड. पण इतका चिवट कीं, आंतील धातु 660 अंशांवर वितळतो, तर पापुद्र्यास वितळावयास दोन हजारांवर अंश लागतात. लोखंडाचा गंज लोखंडास खातो. ॲल्युमिनियमचा गंज ॲल्युमिनियमचें रक्षण करतो. त्याची कल्हई त्याच्याच अंगची आहे. जें मळकट दिसतें तेंच त्याचें चिलखत होय.

हें चिलखत अभेद्य मात्र नाहीं. पापडखार, धुण्याचा सोडा, राखेचें पाणी यांपुढें तें टिकत नाहीं; म्हणूनच तांब्या-पितळेस हितकर ठरलेली राखेची घासणी जर्मलच्या भांड्यास मानवत नाहीं. कॉस्टिक सोड्यांत तर तो धातु फसफसून विरघळूं लागतो. जुनी टाकी झटपट स्वच्छ करण्यासाठीं असे तीव्र क्षार वापरणारे लोक मळाबरोबर टाकीही धुऊन टाकतात. रिकाम्या टाकींत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, व ती भरल्या टाकीहून अधिक घातक; म्हणून वाफ पूर्ण निघून जाईपर्यंत तिच्याजवळ विस्तव किंवा ठिणगी उडविणारें यंत्र नेऊं नये, हेंही येथेंच सांगितलेलें बरें.

आतां झळाळीचा विचार करूं. कल्हईनें भांड्यावर कांहीं चढतें. ॲल्युमिनियमची झळाळी कांहीं उतरविल्यावांचून येत नाहीं. ठिपका घालवावयाचा तर त्याच्या खोलीपर्यंत भोंवतालचा सर्व पत्रा खरवडावा लागतो. आधीं जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटीं कापडी चाकावर लुकण. प्रत्येक हातासरशी पत्रा झिजतो, व तो मुळांत जाड नसतोच. इतकें करून वेल्ह्याच्या एका पावसाळ्यांत तो पुन्हां निस्तेज होतो. मग पुन्हां घासणें आलें. विजेच्या साहाय्यानें तोच नैसर्गिक पापुद्रा जाड करण्याची युक्ति 1923 च्या सुमारास इंग्लंडांत निघाली. पण तीहि धातूचा स्वभाव ओळखून, त्याच्या विरुद्ध जाऊन नव्हे.

असो. त्या तरुणानें बराच वेळ विचार केला. शेवटीं तो म्हणाला, "मिस्त्री, धुवा नुसती. पोचा राहूं द्या." मिस्त्रींनीं सौम्य साबण व कोमट पाणी घेऊन टाकी धुतली, पांढरे ठिपके मऊ फडक्यानें जेवढे निघाले तेवढेच काढले, आंतून ती तपासली, आणि पुरती सुकल्यावर वरून मेणाचा पातळ हात दिला. टाकी आरशासारखी झाली नाहीं. पण गुडघ्यांच्या त्या दोन उजळ जागा अधिक स्पष्ट दिसूं लागल्या. तरुणानें त्यांवरून एकदां हात फिरविला व कांहीं न बोलतां पैसे दिले.

भोरहून वेल्ह्याकडे जातांना तोरणा व राजगड दृष्टीस पडतात. त्यांपैकीं राजगड 2025 सालीं मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादींत गेला. आतां तेथेंही हाच प्रश्न उभा राहणार: ढासळता चिरा सांवरून धरावयाचा, कीं सर्व तट नवा करकरीत करावयाचा? जेथें कल्हई हवी तेथें ती न करणें हा हलगर्जीपणा होय. कळकलेल्या भांड्यांत कोणी जेवूं नये, व पडत्या तटाखालीं कोणी उभें राहूं नये. पण जेथें काळाचा पापुद्राच वस्तूचें रक्षण करीत आहे, तेथें झळाळीच्या हौसेनें तो खरवडणें म्हणजे वडिलांचे गुडघे पुसून टाकणें होय. काय चढवावें व काय उतरवूं नये, हें ज्यास कळलें त्यासच जुन्या वस्तूची दुरुस्ती करण्याचा अधिकार आहे, असें आम्हांस वाटतें.